सतीशच्या गाडीतला बेस

"काय ओ नाना, शनिवारी सकाळी सतीशच्या गाडीला धक्का मारायला तुम्ही पण होतात म्हणे? आणि काल तर दिवसभर तुम्ही त्याच्या गाडीचं दार उघडून बसलेले. चाललंय काय?"

आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत दोन बंगल्यांमधली भिंत जेमतेम छातीएवढी. सांगलीत एवढी भिंत पुरते, कारण ती कुणाला अडवायला नसतेच. पलीकडे नाना जास्वंदीला पाणी घालत होते. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेत. गल्लीत कुणाचा मिक्सर बिघडो नाहीतर बोअरची मोटर, वस्तू आधी नानांपुढे येते, दुकानाचा नंबर नंतर.

"धक्का कसला वैनी, कोपऱ्यापर्यंत ढकलली. आणि बॅटरी दिवाळीत नवीन घातलेली. सतीश म्हणतोय बॅटरीवाल्यानं फसवलं. म्हटलं, बाबा, बॅटरीला बोल लावू नकोस, गाडीत नवीन काय बसवलंस ते सांग."

नवीन काय बसवलं ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. मोठ्या स्क्रीनचा डेक, पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची स्पीकर, मागच्या दोन दारांतही तसेच. सतीशच्या बायकोला, पल्लवीला, फ्रिज बदलायचा होता, ते पैसे यात गेले. हे मला पल्लवीनं स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"तिचं बरोबर आहे," नाना म्हणाले. "फ्रिज निदान थंड तरी करतो. याच्या चार स्पीकरांतून मिळून आवाज काय येत होता, तर झांज. पखवाज नाहीच. सतीशची आई म्हणाली, नरसोबाच्या वाडीला जाताना अभंग लावला तर बुवा सर्दी झाल्यासारखे गातायत."

"मग दुकानवाला काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? बेस हवा तर ॲम्प्लिफायर घ्या, डिकीत बेस ट्यूब टाका. म्हणजे आणखी एक फ्रिज. हा पोरगा द्यायला निघाला होता की. तेवढ्यात बॅटरी उतरली ते बरं झालं, म्हणून तरी माझ्याकडे आला."

आधी बॅटरीचं. डेकला दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीवरची, कायम जिवंत. घड्याळ आणि लावलेली स्टेशनं तिच्यावर टिकतात. लाल किल्लीवरची, किल्ली फिरवली की तिच्यात करंट येतो, काढली की जातो. बसवणाऱ्या पोरानं घाईत दोन्ही एकत्र पिळून पिवळ्याला जोडलेल्या. सतीश स्क्रीन काळी करून घरात जायचा आणि डेक आत रात्रभर जागा.

"आणि दोन्हींची अदलाबदल झाली असती तर?" मी विचारलं.

"तर बॅटरी सहसा उतरत नाही, पण डेक रोज सकाळी कोरा होतो. घड्याळात बारा, स्टेशनं गायब. लोक मग डेकच खराब म्हणून परत द्यायला जातात."

नाना आता रंगात आले. नळ बंद करून पाइप भिंतीवर ठेवला, म्हणजे पुढचा अर्धा तास माझा गेला. जाऊ दे म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या.

"मी काही खोलायच्या आधी सतीशला एकच गोष्ट करायला लावली. गाणं लाव, आवाज फक्त पुढच्या दोन दारांत ठेव आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे ने. बेस आला. उजवीकडे ने. बेस आला. आता मधे आण. गेला! सतीश माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. दोघं एकेकटे गातायत तर भरभरून, आणि एकत्र गायला लागले की घसा बसतो. याचा अर्थ स्पीकर चांगले, डेक चांगला. एका दाराच्या दोन वायरी उलट्या."

"एवढ्यानं?"

"एवढ्यानंच. स्पीकर म्हणजे काय वैनी, कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा कोन, त्याच्या पाठीला तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती लोहचुंबक. करंट एका दिशेनं गेला की कोन पुढं येतो, उलटा गेला की मागं जातो. डावा हवा पुढं ढकलतोय आणि उजवा त्याच क्षणी मागं ओढतोय. हवेनं ऐकायचं कुणाचं? जाड आवाज जागच्या जागी मरतो. बारीक आवाजाचं तेवढं बिघडत नाही, कारण त्याच्या लाटा आखूड. पण 50 हर्ट्झची लाट असते जवळजवळ सात मीटर लांब. सतीशची गाडी सगळी मिळून चार मीटरसुद्धा नाही. एवढ्या जवळून उलटसुलट आलेल्या लांब लाटा एकमेकींना खातात, दुसरं काय होणार?"

यापुढचं मी स्वतः पाहिलंय. काल मी गच्चीवर कुरडया घालत होते, वरून दिसलं की दाराचं पॅड फरशीवर आडवं पडलंय. चहा द्यायचं निमित्त काढून मी खाली गेले. (चहा नानांच्या बायकोनं, काकूंनीच केलेला, मी नुसता पोचवला.) नानांनी डेकमागचा कपलर आधी सोडवून ठेवला होता. हातात घड्याळाचा साधा 1.5 व्होल्टचा सेल. उजव्या दाराच्या स्पीकरच्या दोन वायरी क्षणभर सेलला टेकवल्या, आणि कोन 'टक्' करून बाहेर आला. मला बोट ठेवायला सांगितलं. बोटाला तो धक्का स्पष्ट कळतो. मग डावं दार. तोच सेल, निगेटिव्ह वायर त्याच टोकाला. 'टक्' झालं, पण कोन आत गेला. सतीशच्या तोंडून "आईशप्पथ" निघालं आणि पल्लवीनं खिडकीतून विचारलं, म्हणजे पैसे वाचले का?

उलट्या का झाल्या तेही तिथंच दिसलं. गाडीचा मूळ कपलर कापून टाकलेला. वायरींची तांब्याची टोकं नुसती पिळलेली, सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, वर काळी टेप. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत त्या टेपचा डिंक पाझरून चिकट झालेला, सुटलेलं टोक लोंबत होतं. नानांनी ते दोन बोटांत धरून सतीशला दाखवलं. बोलले काही नाहीत, आणि नाना बोलले नाहीत म्हणजे फार झालं.

"डेकच्या वायरींचे रंग बहुतेक सगळीकडे ठरलेले आहेत," नाना आज भिंतीवर बोटानं रेघा ओढत सांगत होते. "पांढरी पुढचं डावं, राखाडी पुढचं उजवं, हिरवी मागचं डावं, जांभळी मागचं उजवं. काळी रेघ असेल ती निगेटिव्ह. घोळ होतो तो गाडीकडच्या वायरींत. तिथं प्रत्येक कंपनीचे रंग आपापले. ते बघायला ना त्या पोराकडे कागद होता, ना सवड. सरळ कपलर मिळतात वैनी, एका बाजूला गाडीचं तोंड, दुसऱ्या बाजूला डेकचं. वायर कापायलाच लागत नाही. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर हात वर करतं."

मी म्हटलं, "पण नाना, परवा सतीश सांगत होता की खड्डा आला की गाणंच बंद पडतं. तेही यामुळंच?"

"नाही, तो वेगळा आजार." नाना खुलले. आजार जेवढा वेगळा तेवढे ते जास्त खुलतात. "डेक मधेच गप्प व्हायचा, पुन्हा आपोआप चालू. डेक गरम होतोय असं दुकानवाल्यानं सांगितलेलं. मी काय केलं, डेककडून चारी जोड्या सोडवल्या आणि मीटर लावला. चांगला चार ओहमचा स्पीकर मीटरवर तीन, साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलेली. शून्याला टेकलं तर दोन्ही वायरी कुठंतरी एकत्र आल्यात. चारी ठीक. मग मीटरचं एक टोक वायरीला, एक गाडीच्या पत्र्याला. तिथं काहीच यायला नको. मागच्या उजव्या दाराला आलं की."

पॅडखाली वायर एका स्क्रूच्या टोकाशी दाबली गेली होती. आवरण खरचटलेलं, तांबं एका जागी चमकत होतं. दार हललं किंवा खड्डा आला की ते पत्र्याला टेकायचं.

"पूर्वीच्या कितीतरी टेपांत स्पीकरची एक वायर बॉडीलाच असायची," नाना म्हणाले. "एका वायरीत काम व्हायचं. अजून काही जुने मेकॅनिक तसंच करतात. आताच्या डेकात दोन्ही वायरी जिवंत. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, साधारण सहा व्होल्ट बसलेले असतात, आणि डेक दोन्हीकडून आळीपाळीनं ओढतो. त्यातली एक पत्र्याला लागली की आतली चिप स्वतःला वाचवायला आवाज तोडते. चिप चांगली म्हणून वाचली. किती वेळा वाचेल?"

काकू आतून ओरडल्या, "आणि दारातल्या रबराचं सांगा की!"

"हां, रबर. दार आणि बॉडीच्या मधे रबराची नळी असते, घडीची. त्यातून सगळ्या वायरी जातात. दार हजारदा उघडतं, मिटतं, जुन्या गाडीत तिथंच वायर आतल्या आत तुटते. बाहेरून आवरण शाबूत, आत तांबं दोन तुकडे. दार अर्धं उघडं असताना स्पीकर वाजतो आणि लावलं की बंद, असं झालं तर स्पीकरकडे बघूच नका. सतीशची ती ठीक होती."

मग वॅटचा विषय निघाला. सतीशनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, डेक 200 वॅटचा आहे. खोक्यावर छापलंय, 50 गुणिले 4. नानांनी मला गणित घातलं, माझ्याच भिंतीवर खडूनं. गाडी चालू असताना बॅटरीवर जास्तीत जास्त 14.4 व्होल्ट. डेकच्या आतून एका चॅनेलला त्याहून जास्त उंची मिळूच शकत नाही. त्याला 1.4 नं भागा, झाले दहा. दहाचा वर्ग शंभर, भागिले चार ओहम, पंचवीस. आणि तेही चिपनं स्वतः काही खाल्लं नाही तर. खरे धरायचे पंधरा, फार तर वीस.

"म्हणजे खोक्यावर खोटं छापतात?"

"खोटं नाही, क्षणभराचं. उडी मारताना माणूस पाच फूट वर जातो म्हणून त्याची उंची अकरा फूट लिहायची, तसं. पण त्यातून नुकसान कुठं होतं बघा. पोरं आवाज पूर्ण वाढवतात. डेकचा दम संपला की तो लाटेचं डोकं कापायला लागतो, आवाज फाटतो. त्या फाटक्या आवाजात बारीक सूर नको तेवढे वाढतात आणि ट्वीटर जळतो. मग दुकानात जाऊन भांडतात की दोनशे वॅट आहेत म्हणून जळला. अहो, कमी आहेत म्हणून जळला."

मला हे पटायला वेळ लागला. खडूचं गणित अजून भिंतीवर आहे. पाऊस येईपर्यंत राहील.

पावसावरून नानांना आठवलं, आणि इथं मात्र त्यांचा आवाज चढला. "दाराच्या पॅडमागं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. लोकांना वाटतं पॅकिंगचा राहिलाय. त्या पोरानं डावीकडचा टरकावून फेकून दिलेला! काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो कागद नसेल तर पॅडच्या आत शिरतं, मग पायपुसण्यात. सांगलीत पूर यायची वाट बघायला नको, एका वळवात पायाखाली तळं. आणि स्पीकरखाली उंचीसाठी रिंग घातलीय ती लाकडाच्या भुश्श्याच्या फळीची. पाणी प्यायली की फुगते, स्क्रू सैल. प्लास्टिकची घातली असती तर काय बिघडलं असतं?"

"मग काढलीत?"

"प्लास्टिकची आणवली सतीशकडून. आणि उंची मोजून. रिंग पातळ असेल तर स्पीकरचा चुंबक आत जास्त जातो आणि काच खाली येताना त्याला आपटते. पॅड लावायच्या आधी काच पूर्ण खाली-वर करून बघायची, नंतर नाही. कागद जाड प्लास्टिकचा नवीन कापून चिकटवला. आणि पिवळ्या कपलरला मी हात लावत नाही, सतीशलाही लावू दिला नाही. ती एअरबॅगची लाइन. ट्वीटर वर खांबात बसवायचा म्हणत होता. त्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत काही ठेवायचं नसतं."

दुधवाल्याच्या पुतण्याची पिकअप याच वेळी गल्लीत आली. ती दिसायच्या आधी ऐकू येते: गाण्याच्या मागं एक बारीक 'ऊंऽऽ', ॲक्सिलरेटर दाबला की चढणारं, सोडला की उतरणारं. नानांनी नुसती मान हलवली. त्याच्याकडे ॲम्प्लिफायर आहे, आणि अर्थची वायर रंगावरच स्क्रू मारून बसवलीय. रंग घासून कोरा पत्रा काढायला पाच मिनिटं लागतात. शिवाय आवाजाची वायर आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूनं, एकत्र बांधून नेलेली. एक डावीकडून न्यायची, एक उजवीकडून. हे त्याला नानांनी सांगून झालंय. पण नाना जास्त चिडतात ते त्याच्या बॅटरीपाशी फ्यूज नाही म्हणून. ती जाड वायर कुठं पत्र्याला घासली तर मधे थांबवणारं काही नाही, सरळ आग. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे. 'ऊंऽऽ' ऐकवत नाही एवढंच, त्यानं कुणी मरत नाही.

"आणि काल संध्याकाळी तुम्ही सगळे वाडीला गेलात ते?" मी विचारलं. खरं म्हणजे मला हेच विचारायचं होतं, कारण मला कुणी बोलावलं नव्हतं.

"ट्रायल!" काकू आता बाहेरच आल्या. "आणि यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. कुठंतरी काहीतरी थरथरतंय म्हणाले. मिरजेत बालपण गेलंय ना, कानाला लगेच टोचतं."

नानांचं घर मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ होतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकून जो गुंजारव उठतो, तो मुद्दाम घासून आणतात, त्याला जवारी म्हणतात. नानांच्या मते सतीशच्या डाव्या दाराला आयती जवारी लागली होती. बेस आला तशी पत्र्यानं तार छेडली. मोबाइलवरून एकच जाड सूर लावून तो हळूहळू चढवत न्यायचा, आणि दुसऱ्यानं तळहातानं दार, पॅड, हँडल दाबत जायचं. जिथं दाबल्यावर थरथर थांबते तिथं दोष. दोन क्लिपा तुटलेल्या निघाल्या, पॅड काढताना स्क्रूड्रायव्हरनं उचकटलेलं. क्लिपा दहा-वीस रुपयांच्या.

"आणि राहिलेली थरथर?" काकू म्हणाल्या. "हे दोघं चिकटपट्टी आणा, डॅम्पिंग शीट आणा करत होते. मी दाराच्या खिशात हात घातला. चिल्लर आणि पूजेची पळी."

"शीट लावायची आहेच," नाना जरा दबून म्हणाले. "बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या मागं."

"लावा की. पण आधी चिल्लर काढा."

"मग आता पखवाज ऐकू येतो का?" मी विचारलं.

"सतीशच्या आईनं डोळे मिटले होते," काकू म्हणाल्या. "झोपल्या की ऐकत होत्या, देव जाणे."

ॲम्प्लिफायर रद्द झाला, बेस ट्यूब रद्द झाली. फ्रिजचं मात्र अजून ठरलेलं नाही. पल्लवी म्हणते, स्पीकर परत देऊन पैसे मिळतील का ते बघा. ते काही मिळणार नाहीत. दुकानवाल्यानं कपलर कापल्याचं कबूल केलं, नवा बसवून द्यायला तयार झाला. कापलेली गाडी दोनदा त्याच माणसाच्या हाती द्यायची का, यावर नवरा-बायकोचं चाललंय. मला विचाराल तर देऊ नये.

तुम्हीही गाडीत नवे स्पीकर बसवणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानाच्या दारातच एवढं करा. इक्वलायझर सपाट ठेवायला सांगा, बेस कापणारा फिल्टर चालू असेल तर बंद करायला सांगा. मग बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि शेवटी मधोमध आणून तेच गाणं ऐका, पुढं-मागंही तसंच. मधे आल्यावर बेस कमी झाला तर गाडी तिथून हलवू नका आणि पाकीटही काढू नका.